'पश्चात्ताप करा': मेतानोइया हा ग्रीक शब्द कसा अभ्यासावा आणि कसा समजावून सांगावा

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडच्या मंडळीत एकाच बाकावर मराठी आणि कन्नड अशी दोन पवित्र शास्त्रं असणं नवलाचं नाही. दोन्हींत मत्तय ३:२ उघडा. मराठीत बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतो, 'पश्चात्ताप करा'. जुन्या, घरोघरी असलेल्या कन्नड भाषांतरात तो म्हणतो, 'देवर कडेगे तिरुगिकोळ्ळिरि', म्हणजे देवाकडे वळा. आणि कन्नड संदेशांत 'मानसांतर' हा शब्द सर्रास ऐकू येतो. एक शब्द मनातल्या तापाबद्दल बोलतो, दुसरा पायांच्या दिशेबद्दल, तिसरा मनाच्या पालटाबद्दल. तिन्हींच्या मागे ग्रीक क्रियापद मात्र एकच आहे, मेतानोएओ. त्याचं नाम मेतानोइया.

हा फरक ज्याच्या लक्षात आला त्याचा निम्मा अभ्यास झाला. उरलेला निम्मा कसा करायचा ते खाली दिलं आहे. संदेश देणारे, शास्त्राभ्यास घेणारे, रविवारच्या शाळेत शिकवणारे आणि घरी बसून वाचणारे, सगळ्यांना तो जमण्यासारखा आहे. ग्रीक येण्याची अट नाही. दोन-तीन निवांत संध्याकाळी, एक वही आणि थोडी चिकाटी लागते.

काय काय लागेल

मराठी आणि कन्नड पवित्र शास्त्र हवंच. कन्नड वाचता येत नसेल तर शेजारच्या बाकावरच्या माणसाकडून वाचून घ्या, सीमाभागात ही अडचण कधीच मोठी नसते. मूळ शब्द शोधण्यासाठी स्टेप बायबल किंवा ब्लू लेटर बायबल यांपैकी एखादं मोफत साधन मोबाइलवर पुरेसं आहे. त्यात प्रत्येक ग्रीक शब्दाला स्ट्राँगचा क्रमांक असतो. चार क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: मेतानोएओ ३३४०, मेतानोइया ३३४१, मेतामेलोमाइ (खंत वाटणे) ३३३८, एपिस्त्रेफो (वळणे, परतणे) १९९४.

हा क्रमांक म्हणजे शब्दाचा घरपत्ता, एवढंच. त्याच्यापुढे दोन-चार शब्दांत दिलेला अर्थ वाचून 'मूळ ग्रीकमध्ये याचा अर्थ असा आहे' असं व्यासपीठावरून सांगणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. घरपत्ता कळला म्हणजे घरात कोण राहतं ते कळलं असं होत नाही.

उच्चार आणि रूपं

शब्दात 'त' आहे, 'ट' नाही. इंग्रजीतून शिकलेले लोक 'मेटानोया' म्हणतात. मराठी जिभेला तसं करायची काहीच गरज नाही. जोर 'ता'वर येतो. आजचे ग्रीक लोक हाच शब्द 'मेतानिया' असा उच्चारतात, आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी वाकून किंवा जमिनीला कपाळ टेकवून केलेल्या नमनालाही मेतानियाच म्हणतात. व्हिडिओत वेगळा उच्चार ऐकू आला तर गोंधळू नका.

रूपं ओळखताना नवशिक्या एका ठिकाणी हमखास अडखळतो. ग्रीकमध्ये भूतकाळ दाखवणारा 'ए' क्रियापदाच्या सुरुवातीला येतो. पण इथे 'मेता' हा उपसर्ग आधीच जोडलेला असल्यामुळे तो मध्ये घुसतो. म्हणून 'त्यांनी मेतानोइया केली' याचं रूप 'मेतेनोएसान' होतं, 'ता'चा 'ते' होतो. मत्तय १२:४१ मध्ये निनवेच्या लोकांबद्दल हेच रूप आहे. अक्षरं जुळवून शोधाल तर अशी ठिकाणं सुटतील, क्रमांकावरून शोधाल तर सुटणार नाहीत.

आज्ञार्थाची तीन रूपं ओळखीची करून घ्या: मेतानोएइते (अनेकांना, मत्तय ३:२, ४:१७, मार्क १:१५), मेतानोएसाते (अनेकांना, प्रेषितांची कृत्ये २:३८, ३:१९) आणि मेतानोएसोन (एकाला, प्रकटीकरण २:५, ३:१९). पहिलं वर्तमान आज्ञार्थ, उरलेली दोन आओरिस्त, म्हणजे क्रिया अख्खी म्हणून दाखवणारं ग्रीक रूप. यावरून 'पहिल्याचा अर्थ सतत करत राहा, दुसऱ्याचा अर्थ एकदाच कायमचं करून टाका' असा सिद्धांत उभा करण्याचा मोह होतो. करू नका. आओरिस्त आज्ञार्थ क्रियेकडे अख्खी म्हणून पाहतो; ती एकदाच करायची की पुन्हा पुन्हा, हे तो सांगत नाही. 'दार लाव' म्हटलं म्हणून ते आयुष्यात एकदाच लावायचं असं कुणी समजत नाही.

छप्पन्न जागा

आता सगळ्या जागा वहीत उतरवा. नव्या करारात क्रियापद ३४ वेळा आणि नाम २२ वेळा येतं, एकूण ५६. तुमच्या साधनात नाम २४ वेळा दिसलं तर घाबरू नका. जुन्या छापील ग्रीक पाठात मत्तय ९:१३ आणि मार्क २:१७ इथे 'पश्चात्तापासाठी' हे शब्द जादा आहेत. जुन्या हस्तलिखितांवर आधारलेल्या पाठात ते नाहीत. लूक ५:३२ मध्ये मात्र ते दोन्हीकडे आहेत.

प्रत्येक जागेसाठी वहीत चार रकाने पाडा: कोण करतो, कशापासून किंवा कशाबद्दल, त्याच्या आगेमागे कोणती क्रिया आहे, आणि मराठी व कन्नड भाषांतरात कोणता शब्द आहे. तिसरा रकाना आळसाने मोकळा सोडला जातो, आणि अर्थ सगळ्यात जास्त तिथेच सापडतो.

वाटणी पाहण्यासारखी आहे. लूकचं शुभवर्तमान आणि प्रेषितांची कृत्ये मिळून २५ जागा, म्हणजे जवळजवळ निम्म्या. प्रकटीकरणात क्रियापद १२ वेळा, नाम एकदाही नाही. पौलाच्या पत्रांत सगळं मिळून पाच वेळा. योहानाच्या शुभवर्तमानात आणि त्याच्या पत्रांत एकदाही नाही. योहानाला ही कल्पना ठाऊक नव्हती असा अर्थ यातून काढायचा नसतो. शब्द नसला तरी गोष्ट असू शकते. उधळ्या पुत्राचीच कथा घ्या. लूक १५:७ आणि १५:१० मध्ये मेतानोएओ आहे, पण खुद्द मुलाच्या कथेत ते नाही. तिथे तो 'स्वतःपाशी आला', आपण म्हणतो शुद्धीवर आला, आणि उठून बापाकडे चालू लागला. फक्त क्रमांक शोधत बसलेल्याला ही कथा दिसायचीच नाही.

शब्द घालून पाहण्याची कसोटी

अर्थ ठरवायची खात्रीची रीत ही: वाक्यात तुमचा अर्थ घाला आणि वाक्य उभं राहतं का ते पाहा.

२ करिंथ ७:८-१० इथून सुरू करा, कारण इतकी उपयोगी जागा दुसरी नाही. पौल म्हणतो, देवाला अनुसरून झालेलं दुःख मेतानोइया उत्पन्न करतं. दुःखासाठी तिथे वेगळा शब्द आहे, लुपे. आता मेतानोइया म्हणजे 'केल्याचं वाईट वाटणं' असं धरा. वाक्य होतं: दुःखामुळे दुःख होतं. अर्थ कोसळला. 'मनाचा आणि वागण्याचा पालट' असं घाला: दुःखामुळे माणूस पालटतो. उभं राहिलं. म्हणजे दुःख हे कारण, मेतानोइया हा परिणाम. मराठीतला पश्चात्ताप, पश्चात् म्हणजे मागाहून झालेला ताप, इथे कमी पडतो तो याचमुळे.

आता लूक ३:८-१४. 'पश्चात्तापाला शोभेल असं फळ द्या' असं योहान म्हणतो आणि लोक विचारतात, मग आम्ही करायचं काय? उत्तरात रडणं नाही, उपास नाही. दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी जुलमाने पैसे उकळू नयेत, आपल्या पगारात भागवावं. ऊसपट्ट्यातल्या श्रोत्यांना हे समजवायला फार खटपट लागत नाही: काटा मारणारा माणूस रविवारी डोळे पुसतो आणि सोमवारी पुन्हा काटा मारतो, तर ताप झाला, मेतानोइया झाली नाही.

पण सगळीकडे एकच अर्थ कोंबू नका. लूक १७:३-४ मध्ये भाऊ दिवसातून सात वेळा चुकतो, सात वेळा परत येतो आणि म्हणतो, 'मेतानोओ'. इथे आयुष्याचा मोठा पालट शोधणं म्हणजे ओढाताण. तो एवढंच म्हणतोय, चुकलं माझं. आणि त्या शब्दावर विसंबून त्याला क्षमा करायची आहे, फळ येईपर्यंत वाट पाहायची असं तिथे म्हटलेलं नाही. परत येण्यासाठीचं क्रियापद तिथे एपिस्त्रेफो आहे हेही वहीत टिपा.

नव्या कराराच्या बाहेरच्या दोन जागाही पाहाव्यात. इतिहासकार थुसिदिदेस सांगतो की इ.स.पू. ४२७ मध्ये अथेन्सच्या सभेने मितिलेनी शहरातल्या सगळ्या पुरुषांना ठार मारायचं ठरवलं, आज्ञा घेऊन जहाज निघालंही. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यात 'एक प्रकारची मेतानोइया' झाली. पुन्हा सभा भरली, निर्णय फिरवला आणि पहिल्या जहाजाला गाठायला दुसरं जहाज सोडलं. देवाधर्माचा संबंध नाही. हळहळ आहे, पण ती निर्णय फिरवण्यापर्यंत पोचलेली आहे.

दुसरी जागा योना ३:१०, प्राचीन ग्रीक जुन्या करारात. निनवेचे लोक आपल्या वाईट मार्गांपासून फिरले हे देवाने पाहिलं आणि देवाने 'मेतेनोएसेन'. मेतानोएओ करणारा इथे देव आहे! म्हणजे पाप हा या शब्दाच्या पोटातला भाग नाही. ठरवलेलं बदलणं हा आहे. आणि लोकांसाठी तिथे फिरण्याचं क्रियापद आहे. मत्तय १२:४१ मध्ये मात्र त्याच निनवेच्या लोकांसाठी मेतानोएओ वापरलं आहे. इब्रीतला 'शूब', म्हणजे परतणं, या अर्थाचं पाणी मधल्या काळात या ग्रीक शब्दात मुरलं. जुन्या कन्नड भाषांतराने 'देवाकडे वळा' म्हटलं ते उगीच नाही.

कुठे घसरायला होतं

पहिली घसरण फोडीची. मेता म्हणजे नंतर किंवा पालट, नूस म्हणजे मन. म्हणून मेतानोइया म्हणजे 'मनाच्या पलीकडे जाणं' वगैरे. शब्दाची फोड वाट दाखवते, मुक्कामाला पोचवत नाही. हे बेळगावकराला वेगळं शिकवायला नको. 'अनुमान' मराठीत तर्क, कन्नडमध्ये शंका. 'अवसर' मराठीत संधी किंवा वेळ, कन्नडमध्ये घाई. फोड दोन्हीकडे तीच, संस्कृत मूळ तेच, पण बाजारात जाऊन फोडीवरून अर्थ लावलात तर फसाल. ग्रीकचंही तसंच.

दुसरी घसरण व्यासपीठावरची लाडकी आहे: 'यहूदाने मेतामेलोमाइ केलं, नुसती खंत, पेत्राने मेतानोएओ केलं, खरा पश्चात्ताप.' ऐकायला सुबक, पण तपासलं की टिकत नाही. यहूदासाठी मत्तय २७:३ मध्ये मेतामेलोमाइ आहे हे खरं. पेत्रासाठी मात्र शुभवर्तमानांत मेतानोएओ एकदाही नाही. तो रडला एवढं आहे; आणि लूक २२:३२ मध्ये त्याच्यासाठी एपिस्त्रेफो आहे, 'तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर'. उलट मत्तय २१:२९ मधल्या मुलाने आधी 'जात नाही' म्हटलं, मग मेतामेलोमाइ झालं आणि तो द्राक्षमळ्यात गेला. काही प्रतींत दोन मुलांचा क्रम उलटा असल्यामुळे हे वचन ३० मध्ये सापडेल. तिथे खंत कामाला लागलेली आहे. इब्री ७:२१ मध्ये तर 'प्रभूने शपथ वाहिली आणि तो बदलणार नाही' इथेही हाच शब्द. नव्या करारात मेतामेलोमाइ सहाच वेळा येतं; अर्ध्या तासात सहाही जागा वाचून होतात, तरी हा दाखला चालूच राहतो.

तिसरी घसरण इब्री १२:१७ ला. एसावाला मेतानोइयासाठी जागा सापडली नाही, 'जरी त्याने ती रडून शोधली'. हे 'ती' म्हणजे काय? ग्रीक सर्वनाम स्त्रीलिंगी आहे. मेतानोइया स्त्रीलिंगी, आणि आधी आलेला आशीर्वाद, एउलोगिया, तोही स्त्रीलिंगी. व्याकरण एकट्याने निकाल देत नाही. एसाव आशीर्वाद मागत रडला ही उत्पत्ती २७ मधली कथा आशीर्वादाच्या बाजूने वजन टाकते. या एका वचनावरून 'देव काहींचा पश्चात्ताप स्वीकारतच नाही' असं घाबरलेल्या माणसाला सांगू नये.

चौथी घसरण मेतानोइयाला सरळ यू-टर्न म्हणण्याची. मुंबईकडे जाणारी गाडी हत्तरगी नाक्यापाशी वळवून बेळगावकडे आणण्याचा दाखला एपिस्त्रेफोला चपखल बसतो. मेतानोइया त्याच्या आधीची: आपण चुकीच्या रस्त्याला लागलो हे पटून परतायचं ठरवणं. दोन्ही वेगळ्या आहेत म्हणूनच प्रेषितांची कृत्ये ३:१९ आणि २६:२० मध्ये एका श्वासात दोन वेगळी क्रियापदं येतात.

मराठीत कोणता शब्द वापरावा

छापील वचन वाचताना 'पश्चात्ताप करा' हेच वाचा. लोकांना पाठ असलेलं वचन बदलण्याचा अधिकार अभ्यासाने मिळत नाही. प्रश्न समजावताना येतो.

मराठीत या शब्दाच्या फार जवळ जाणारा एक शब्द पडून आहे: उपरती. 'उशिरा का होईना, त्याला उपरती झाली' यात खंतही आहे आणि वळणही. अथेन्सच्या त्या दुसऱ्या जहाजाला तो अगदी फिट बसतो. अडचण दोन. वर्तमानपत्रांनी तो सरकारला आणि पुढाऱ्यांना टोमणा मारायला वापरून वापरून झिजवला आहे. आणि दुसरी अधिक खोल: उपरती होते, ती करता येत नाही. 'उपरती करा' असं मराठीत कुणी म्हणत नाही. मेतानोएइते तर आज्ञा आहे. म्हणून कथा सांगताना उपरती वापरा, आज्ञेच्या जागी नको.

अनुताप सुंदर आहे, पण तो वारकरी कानाला अभंगांतून ओळखीचा. ऐकणारा त्याच अर्थाने घेईल, आणि त्यातही तापच पुढे आहे. प्रायश्चित्त टाळावं. त्यात केलेल्या पापाची फेड करणारा विधी येतो. लॅटिन भाषांतरात मेतानोएइतेसाठी आलेल्या 'पेनितेन्तियाम आगिते' ('प्रायश्चित्त करा' असाही अर्थ होणाऱ्या) या शब्दांनी युरोपात नेमका हाच घोळ घातला होता. १५१७ च्या पंच्याण्णव प्रबंधांपैकी पहिल्या दोघांत मार्टिन ल्यूथर याच शब्दांवर बोट ठेवतो आणि म्हणतो, हे पाळकाने चालवलेल्या विधीबद्दल नसून सबंध आयुष्याबद्दल आहे. हृदयपरिवर्तन चालेल, पण भाषणी वाटतं. धर्मांतराशी तर गल्लत मुळीच होऊ देऊ नका: योहानाने आणि येशूने ही हाक आधी दिली ती देवाच्याच लोकांना, आणि प्रकटीकरण २ व ३ मध्ये ती थेट मंडळ्यांना आहे.

साध्या बोलण्यात 'मन पालटा' सगळ्यात बरं चालतं. आज्ञा होते, लहान मुलांना कळतं, आणि कन्नड मानसांतराशी जुळतं. जिथे वागणं पुढे आहे, जसं लूक ३, तिथे 'मन पालटा आणि माघारी फिरा' अशी जोड द्या. जिथे माणूस माणसाशी बोलतोय, जसं लूक १७, तिथे 'चुकलं माझं'. एका ग्रीक शब्दाला तीन मराठी शब्द लागले म्हणून भाषांतर बिघडलं असं समजू नका. इंग्रजी-मराठी कोश करणारे बाबा पदमनजी १८३१ साली याच बेळगावात जन्मले. एका शब्दापुढे अनेक शब्द लिहावे लागतात हे कोशाचं कुठलंही पान उघडलं तरी दिसतं.

दुभाष्या असेल तर

संयुक्त उपासनेत मराठी संदेशाचं कन्नड चालू असतं तेव्हा एक अडचण ठरलेली. तुम्ही म्हणता, 'पश्चात्ताप करा आणि देवाकडे वळा.' दुभाष्याला पाठ असलेल्या वचनात 'पश्चात्ताप करा'साठीच 'देवर कडेगे तिरुगिकोळ्ळिरि' बसलेलं असतं. मग तो एक तर तेच दोनदा म्हणतो, नाहीतर पहिलं गाळतो, आणि कन्नड बाकांवर अर्धं वाक्य पोचतं. उपाय सोपा आहे. शनिवारीच त्याच्या हातात चिठ्ठी द्या: मेतानोएओ आलं की मानसांतर, एपिस्त्रेफो आलं की तिरुगिकोळ्ळिरि, आणि ज्या वचनांत दोन्ही आहेत त्यांचे क्रमांक. प्रेषितांची कृत्ये ३:१९ आणि २६:२० खाली दोन रेघा ओढा, आणि त्याच्या कन्नड प्रतीत त्या दोन जागी नेमके कोणते शब्द आहेत ते दोघांनी मिळून आधी वाचून घ्या.